घरात एक ऑटिस्टिक मूल आणि एक भावंड: सुरुवात कुठून करायची

धाकट्याचं निदान झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि थोरली सात वर्षांची, दुसरीत. आज तो तेरा वर्षांचा आहे आणि ती बारावीला. नाशिकला थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर माझी दहा वर्षं गेली. तिथे येणाऱ्या नव्या पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "हा बोलेल का हो?" दुसरा प्रश्न बरेच जण निघता निघता, जरा आवाज खाली आणून विचारतात. "घरी अजून एक आहे. तिचं काय करू? तिच्याकडे बघणंच होत नाही."

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आमच्याकडे काय चुकलं आणि काय जमलं, ते ज्या क्रमाने करायला हवं होतं असं आता वाटतं त्या क्रमाने लिहिते.

पायरी १: भावंडाला लगेच सांगा

निदान झालं की मामा, मावशी, आत्या, ऑफिसातले साहेब, सगळ्यांना काय सांगायचं हे आपण ठरवतो. घरातल्या दुसऱ्या मुलाला मात्र "ती लहान आहे, तिला काय कळणार" म्हणून बाजूला ठेवतो. आम्ही आठ महिने थांबलो. त्या आठ महिन्यांत तिने स्वतःपुरतं उत्तर शोधून काढलं होतं. एका सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. आरशात बघत ती म्हणाली, "आई, मी त्याला पलंगावरून पाडलं होतं ना, म्हणून तो बोलत नाही ना?" तो वर्षाचा असताना खेळता खेळता पलंगावरून घसरला होता. त्याला साधं टेंगूळही आलं नव्हतं आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो. ती विसरली नव्हती.

म्हणून सांगायला उशीर करू नका. मोठ्या गंभीर बैठकीची गरज नाही. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना, वेण्या घालताना बोललेलं मुलांना जास्त झेपतं. तीन गोष्टी मात्र स्पष्ट शब्दांत सांगायच्याच. तो असाच जन्मला आहे. यात कुणाची चूक नाही, तुझी तर नाहीच. आणि हे सर्दीसारखं एकाचं दुसऱ्याला होत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: "दादाला बोलायला अवघड जातं. त्याला आवाज खूप मोठे ऐकू येतात, म्हणून तो कान झाकतो. तो तुझ्यावर रागावलेला नाही." सात ते दहाच्या मुलाला नाव सांगा, ऑटिझम. मेंदूची जडणघडण वेगळी असते, म्हणून ऐकणं, बघणं, बोलणं, लोकांमध्ये मिसळणं हे सगळं त्याला वेगळ्या तऱ्हेने जाणवतं, असं सांगा. टीनएजर असेल तर डॉक्टरांच्या किंवा थेरपिस्टच्या एका भेटीला सोबत न्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. आपण बाहेर बसलो तरी चालतं.

"तो कधी बरा होईल?" हा प्रश्न येणारच. खोटी आशा लावू नका. मी म्हणाले होते, "हा आजार नाही, त्यामुळे ताप उतरतो तसा तो उतरणार नाही. पण तो शिकेल, आणि आपण त्याला शिकवू." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग मी माझ्या मैत्रिणींना काय सांगू?" तिची खरी अडचण तिथे होती.

सरकारी कागदांवर आणि पुस्तकांत ऑटिझमसाठी 'स्वमग्नता' हा शब्द आहे. घरात मी तो वापरत नाही. माझा मुलगा जिन्यातल्या पावलांवरून कोण आलंय ते ओळखतो, मग तो स्वतःतच मग्न आहे असं मी त्याच्या बहिणीला कसं सांगू? आणि हे सगळं बोलताना तो खोलीत असेल, तर त्याला कळतंय असं धरूनच बोला. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं मुळीच नाही.

पायरी २: आजी-आजोबांना वाट्याचं काम द्या

"त्याचा बापही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." "तू नोकरीला जातेस ना, म्हणून." "मोबाइल दिला, त्याचं हे फळ." ही वाक्यं ऐकावी लागतात, आणि ती भावंडाच्याही कानावर पडतात. आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो असं एके काळी डॉक्टरसुद्धा म्हणत. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याचं सविस्तर खंडन केलं. रिमलँड स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. तो आरोप विज्ञानाने कधीच टाकून दिला आहे. घराघरांतून जायला मात्र वेळ लागतोय.

वाद घालून आमच्या सासूबाईंना काही पटलं नाही. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारी थेरपी, जिला सगळे ओटी म्हणतात, तिच्या एका सेशनला मी त्यांना सोबत नेलं आणि थेरपिस्टनाच समजावून सांगायला सांगितलं. त्यानंतर बोलणं बदललं. मग त्यांना एक नेमकं काम दिलं: थोरलीला शाळेतून आणायचं, तिला खायला द्यायचं आणि तिचं शाळेतलं ऐकायचं. नातवाची काळजी सगळेच करत होते. नातीचं ऐकायला घरात एक माणूस ठरलेलं असावं.

पायरी ३: एक कुलूपबंद खण आणि एक शांत कोपरा

घर केवढंही असो, दोन्ही मुलांना आपापली जागा लागते. वन बीएचकेतही हे जमतं.

थोरली एलिमेंटरी परीक्षेसाठी चित्रांचा सराव करत होती. हॉलमधल्या टीपॉयवर स्मरणचित्राचा कागद वाळत ठेवला होता, पावसातला बसस्टॉप. तिचे तीन दिवस त्यात गेले होते. धाकट्याने त्यावर पेलाभर पाणी ओतलं आणि रंग वाहताना बघत तो हात फडफडवत हसत राहिला. ती किंचाळली. मी काय म्हणावं? "अगं, त्याला कळत नाही. तू मोठी आहेस ना, समजून घे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून चित्रं बंद झाली असं मला वाटलं. आठवड्याने कळलं की ती बाथरूममध्ये, कडी लावून, पालथ्या बादलीवर पॅड ठेवून चित्रं काढत होती.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं: "तुझं चित्र गेलं. खूप वाईट झालं. तुला राग आलाय तो बरोबर आहे." बस. त्याची बाजू नंतर, वेगळ्या वेळी समजावता आली असती. ती पेटलेली असताना "त्याला कळत नाही" म्हटलं की तिला ऐकू येतं, "तुझं नुकसान मोजायचं नाही."

मग आम्ही कपाटातला एक खण तिला कुलपासकट दिला. किल्ली तिच्या कंपासपेटीत. त्या खणात काय आहे हे आम्हीही विचारत नाही. आणि धाकट्याला बाल्कनीत एक जुनी परात, पाणी आणि खायचे रंग दिले. त्याला रंग वाहताना बघायचे होते, चित्र बिघडवायचं नव्हतंच. तो आजही रोज संध्याकाळी त्या परातीपाशी बसतो.

त्याचा शांत कोपरा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा. तिथे एक जड गोधडी, एक उशी आणि त्याच्या बाटल्यांच्या झाकणांचा डबा. तिथे असताना त्याला कुणी हाक मारायची नाही, हा नियम बहिणीलाही लागू आणि पाहुण्यांनाही. मिक्सर लावायच्या आधी आम्ही "मिक्सर" असं सांगतो आणि पाचपर्यंत मोजतो. फ्रिजवर दिवसाचा चित्रांचा तक्ता असतो: दात, आंघोळ, नाश्ता, शाळा, ओटी, परात, झोप. त्याच्याशेजारी तिचाही तक्ता लावा. भिंतीवर सगळं एकाचंच असलं की दुसऱ्याला ते रोज दिसत राहतं.

पायरी ४: मेल्टडाऊनच्या वेळी भावंडाने काय करायचं, हे आधी ठरवा

हट्ट आणि मेल्टडाऊन यांत फरक आहे. हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते तपासतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये मुलाचा स्वतःवर ताबाच उरलेला नसतो. आवाज, गर्दी, भूक, अचानक बदललेला बेत, सगळं साचून फुटतं. त्या वेळी समजावणं, ओरडणं, लालूच दाखवणं यातलं काही उपयोगी पडत नाही. दिवे मंद करा, आवाज बंद करा, बोलणं कमीत कमी ठेवा, टोकदार आणि काचेच्या वस्तू बाजूला घ्या आणि जवळ थांबा.

भावंडासाठी घर शांत असताना सराव करून ठेवा, शाळेत आगीच्या बंबाचा सराव घेतात तसा. आमचा ठरलेला शब्द 'खोली' आहे. मी "खोली" म्हटलं की तिने आपलं पुस्तक उचलायचं, आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं. त्याला आवरायला यायचं नाही. घरात मी एकटी असेन तर शेजारच्या काकूंकडे जायचं. काकूंना हे आधीच सांगून ठेवलंय.

त्याने केस धरले तर काय करायचं, हेही शिकवा. आपण ओढायला गेलो की मूठ आणखी आवळते. त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि मोठ्याने हाक मारायची. मूठ आम्ही सोडवू. चावलं, मारलं तर लांब जायचा आणि "नको" म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. त्याला ऑटिझम आहे म्हणून तिने मार खायचा नाही. हे वाक्य तिला ऐकू जाईल असं घरात निदान एकदा तरी बोला.

आणि त्याच संध्याकाळी, तो झोपल्यावर, तिच्याकडे जा. कितीही दमला असाल तरी. "घाबरलीस?" एवढंच विचारा आणि थांबा. मेल्टडाऊन कशाने झाला, आधी काय चाललं होतं, नंतर किती वेळ लागला, हे एका वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांनी कारणं दिसायला लागतात. आमच्याकडे दाढदुखी सापडली होती, ती त्याला सांगता येत नव्हती.

पायरी ५: ठरलेला वेळ

दोन्ही मुलांना सारखा वेळ देऊ असं मनाशी ठरवू नका, ते होत नाही. पण थोडा आणि ठरलेला वेळ देता येतो. आमचा गुरुवार होता. त्याची ओटी पाऊण तासाची. त्याचे बाबा तिथे बसायचे आणि मी थोरलीला घेऊन बाहेर पडायचे. कधी मिसळ, कधी नुसतं गोदाकाठी चालणं, कधी वह्या-पेनं घ्यायला. त्या पाऊण तासात ऑटिझमचा विषय मी काढायचा नाही. तिने काढला तर ऐकायचं.

हा वेळ सहसा मोडू नका. मोडावाच लागला तर तिथल्या तिथे दुसरा दिवस ठरवून कॅलेंडरवर लिहा. "पुढे बघू" हे या मुलांनी फार ऐकलेलं असतं. पालकसभा आणि गॅदरिंग यांना दोघांपैकी एकाने तरी जायचंच, आणि शक्यतो धाकट्याला न घेता. तिचा नाच चालू असताना तुमचं लक्ष दाराकडे नसावं. एकटे पालक असाल तर मामा, मावशी, मैत्रीण यांच्याकडे मोकळ्या मनाने मदत मागा. "काही लागलं तर सांग" म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना नेमका वार आणि नेमकी वेळ सांगा.

पायरी ६: दोघांचं खेळणं

दोन भावंडं आपोआप खेळायला लागतील याची वाट बघू नका. सुरुवात पाच मिनिटांनी करा, आणि त्याच्या खेळापासून. तो झाकणं ओळीत लावत असेल तर ताईने त्याच्या ओळीला हात न लावता शेजारी आपली ओळ लावायची. चेंडू घरंगळत द्यायचा-घ्यायचा. झोका. बादलीतलं पाणी. एक वाक्य बोलून मनात दहापर्यंत मोजायचं, मगच पुन्हा विचारायचं. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण घाईने तीनदा विचारून त्याचा गोंधळ वाढवतो.

न बोलणाऱ्या मुलाला चित्रांवरून बोलता येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. अशा साधनांमुळे मूल बोलायचं राहतं अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. ती बाळगू नका. पण ॲप फक्त थेरपिस्टसमोर उघडून उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांनी त्यावर बोट ठेवून बोललं पाहिजे. आम्ही त्याच्यासाठी घरातल्या माणसांची आणि आवडत्या गोष्टींची चित्रंही छापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. तो सहा वर्षांचा असताना एका दुपारी त्याने ताईचा फोटो आणि झोक्याचं चित्र तिच्या अभ्यासाच्या वहीवर आणून ठेवलं. आपल्या मनाने त्याने तिला मागितलेली ती पहिली गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. तिने वही मिटली आणि दोघं खाली गेली.

मात्र तिला थेरपिस्ट करू नका. पाच मिनिटांत कंटाळा आला तर खेळ संपला. "त्याला अजून दोनदा म्हणायला लाव ना" असं मी म्हणायचे. ते मी थांबवलं तेव्हा ती आपणहून खेळायला लागली.

पायरी ७: बाहेर, शाळेत, सणाला

भावंडाला एक तयार वाक्य द्या: "तो माझा भाऊ आहे. त्याला ऑटिझम आहे, आवाजाचा त्रास होतो." आणि ते न बोलण्याची मोकळीकही द्या. काही दिवस तिला नुसतं एक मुलगी म्हणून बागेत बसायचं असतं. तिला लाज वाटली तर तिला लाजवू नका. आठवीत तिने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं तेव्हा मला फार लागलं होतं. पण तो तिच्या वयाचा भाग होता आणि तो टप्पा गेला.

शाळा एकच असावी की वेगळी, हे दोघांकडे बघून ठरवा. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे, आणि शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात असं तो सांगतो. शाळेशी बोलताना कायद्याचं नाव घ्यायला कचरू नका. दोघं एकाच शाळेत असतील तर पहिल्याच भेटीत लेखी द्या, की धाकट्याला शांत करायला बहिणीला वर्गातून बोलवायचं नाही. आमच्याकडे हे होत होतं. बाईंनी निरोप पाठवला की ती गणिताचा तास सोडून पळायची, आणि हे मला वर्षभर माहीत नव्हतं. मुलं असं घरी सांगत नाहीत.

लग्नकार्याला जाताना दोघांपैकी कोण लवकर निघणार हे आधी ठरवा, म्हणजे तिला पंगतीतून उठावं लागत नाही. हेडफोन, त्याचा डबा, पाण्याची बाटली आणि ओळखीचं पांघरूण सोबत ठेवा. ढोल-ताशाच्या मिरवणुकीला तिला बाबांनी न्यावं आणि मी त्याच्याबरोबर घरी थांबावं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलंच पाहिजे असं काही नाही.

भाऊबीज आम्ही बदलून घेतली. ओलं कुंकू कपाळाला लागलं की तो ओरडायचा आणि निरांजनाची ज्योत मुठीत धरायला जायचा. आता ती त्याच्या मनगटाला कोरडी हळद लावते आणि ताटात सेलवरची पणती ठेवते. तो ताटातली सुपारी उचलून खिशात घालतो आणि कोपऱ्यात जातो. एवढीच ओवाळणी होते. ही कल्पना तिची.

पायरी ८: धाकटं भावंड बाळ असेल तर

ऑटिस्टिक मुलाच्या पाठच्या भावंडातही ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. २०११ साली आणि पुन्हा २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत हेच प्रमाण दिसलं. म्हणजे पाचातल्या चार जणांत तो नसतो, हेही धरून चाला. घाबरून दिवसभर बाळाची परीक्षा घेऊ नका, पण डोळेझाकही करू नका. नावाने हाक मारल्यावर वळतं का, बोटाने दाखवतं का, आपण दाखवलेल्या गोष्टीकडे बघतं का, आलेले शब्द जातायत का, हे बघा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही प्रश्नावली बालरोगतज्ज्ञ भरून घेतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. मुली शांत, लाजाळू म्हणून सुटून जातात, त्यांच्याकडे अधिक लक्ष द्या.

या धाकट्या बाळाच्या लसी थांबवू नका. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या १९९८ च्या लेखातून पसरली. तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत लस आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. एका मुलाच्या काळजीपोटी दुसऱ्याला गोवराच्या तोंडी देऊ नका.

पायरी ९: कागद

थोडक्यात सांगते. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. त्यानंतर तपासणीला बोलावतात. ऑटिझमचं प्रमाण ठरवायला इसा नावाची चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तुमची वही तिथे उपयोगी पडते, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं आणि त्यात मर्यादेपर्यंत थेरपीचा खर्चही धरतात. सगळ्या कागदांची एकच फाइल करा आणि ती दोन्ही पालकांना सापडेल अशी ठेवा. त्या फाइलशेजारी दुसऱ्या मुलाच्या निकालांची आणि प्रमाणपत्रांची फाइलही असू द्या.

पायरी १०: फार शहाणं झालेलं मूल

ज्या मुलाबद्दल सगळे म्हणतात "किती समंजस आहे हो", त्याच्याकडे वळून बघा. कधीच काही न मागणं, आजारपण लपवणं, परीक्षेतल्या एका गुणासाठी रात्रभर रडणं, शाळेच्या दिवशी दुखणारं पोट, झोप उडणं, भाऊ ओरडला की आधी आपल्या तोंडाकडे बघणं. यातलं काही आठवड्यामागून आठवडे दिसत असेल तर समुपदेशकाकडे जा. शाळेतले असोत वा बाहेरचे, पण भावाच्या थेरपिस्टपेक्षा वेगळे असावेत. तिची स्वतःची जागा असू दे.

अशाच घरातलं दुसरं भावंड भेटणं याचा फार उपयोग होतो. अमेरिकेत डॉन मायर यांनी अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले, खेळ आणि गप्पांचे. आपल्याकडे तसं काही जवळ नसेल तर सेंटरमधल्या तीन-चार घरांतली भावंडं महिन्यातून एकदा एकत्र बोलवा. मोठ्यांनी दुसऱ्या खोलीत बसा. आमच्या मुलीला पहिल्याच दिवशी एक मुलगा भेटला ज्याच्या बहिणीने त्याची प्रयोगवही खाल्ली होती, खरोखर चावून. ती घरी आली ती मोकळी होऊन.

पायरी ११: पुढचं बोलून घ्या, पण तिच्या गळ्यात घालू नका

"आमच्यानंतर तूच आहेस त्याला" हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने बोललं जातं. बाराव्या-तेराव्या वर्षी ते अंगावर पडलं की मूल त्याच्या वजनाखाली आपलं शिक्षण, गाव, लग्न सगळं ठरवायला लागतं. तिला आधी हे सांगा की सोय लावणं आमचं काम आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. मृत्युपत्र, पैशांची व्यवस्था, तो कुठे राहील, या गोष्टी वकिलाला विचारून कागदावर आणा आणि ती मोठी झाली की तो कागद तिला वाचायला द्या. पुढे तिला पालक व्हायचं असेल तर ती सज्ञान झाल्यावर, तिच्या मर्जीने.

यंदा दिवाळीत तिने विचारलं, "मी कॉलेजला पुण्याला गेले तर त्याच्या आंघोळीचं कोण बघेल?" मला वाटत होतं आंघोळ मी घालते. मग एक कागद घेऊन आम्ही तिघांनी बसून यादी केली. ती रोज त्याच्यासाठी काय काय करते? टॉवेल आणि कपडे क्रमाने लावून ठेवणं, पाणी किती गरम ते बघणं, शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं, डब्यातल्या पोळीचे चौकोनी तुकडे करणं, रात्री पंखा तीनवर करून गोधडी घालणं. अकरा कामं निघाली. एकही आम्ही तिला सांगितलेलं नव्हतं, आणि निम्मी आम्हाला माहीतही नव्हती.

तुम्हीही अशी यादी करा, मूल आठ वर्षांचं असलं तरी. नंतर प्रत्येक कामापुढे लिहा: हे आता कोण करणार, आणि धाकट्याला स्वतःला यातलं काय शिकवता येईल. कपडे क्रमाने लावणं आम्ही त्याला फोटोंवरून शिकवतोय, पाचपैकी चार वेळा जमतं. पोळीचे तुकडे बाबांकडे गेले. रिक्षा माझ्याकडे. दर महिन्याला एक काम तिच्याकडून काढतोय. जूनपर्यंत तिच्या नावापुढे दोनच उरतील, आणि ती तिनेच मागून घेतली आहेत. एक, त्याचे केस कापायचे, कारण कात्रीचा आवाज तो फक्त तिच्या हातचा सहन करतो. दुसरं, रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, परातीच्या वेळेला.